नावानिशी : युद्धवार्ताहर अर्नी पाइल (१९००–१९४५)

#थ्रेड #इतिहास #दुसरे_महायुद्ध

१/
१८ एप्रिल १९४५. ओकिनावाजवळच्या इए शिमा नावाच्या लहानशा बेटावर सकाळी एका जीपवर जपानी मशीनगनचा मारा झाला. जीपमधील माणसांनी रस्त्याकडेच्या चरात उड्या घेतल्या. काही वेळाने त्यांतील एका किरकोळ अंगाच्या, चव्वेचाळीस वर्षांच्या गृहस्थाने आपला सोबती सुखरूप आहे ना, हे पाहण्यासाठी डोके वर काढले. पुढची गोळी शिरस्त्राणाच्या कडेखालून त्याच्या डाव्या कानशिलात शिरली. हा मनुष्य सैनिक नव्हता, वार्ताहर होता. आणि त्या दिवशी अमेरिकेत त्याचे नाव बहुतेक सेनापतींच्या नावांहून अधिक घरांत ठाऊक होते.

२/
त्याचे नाव अर्नी पाइल. त्याच्या चरित्रात साहस आहे, कीर्ती आहे, दुःखही आहे. परंतु या धाग्यात आपण त्याच्याकडे एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुरोधाने पाहणार आहोत. युद्धात माणसांचे आकडे होतात. पाइलने आकड्यांची पुन्हा माणसे केली, आणि त्याचे साधन अगदी साधे होते: नाव, गाव, पत्ता. मग त्याने कोणाची नावे लिहिली? कोणाची राहून गेली? आणि राहिलेली नावे पुढे कोणी लिहिली?

३/
पाइलचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी इंडियाना राज्यातील डेना या खेड्याजवळ झाला. आईवडील दुसऱ्याची जमीन कसणारे शेतकरी, आणि हा त्यांचा एकुलता एक मुलगा. शेतीचा त्याला मनस्वी कंटाळा होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो नौदलाच्या राखीव दलात भरती झाला, पण आघाडी पाहण्यापूर्वीच युद्ध संपले. १९१९ मध्ये तो इंडियाना विद्यापीठात दाखल झाला आणि तेथील विद्यार्थी दैनिकात रमला. पदवीला थोडा अवधी उरला असतानाच १९२३ मध्ये त्याने शिक्षण सोडले आणि ला पोर्ट या गावच्या वृत्तपत्रात नोकरी धरली. अवघ्या काही महिन्यांत तो राजधानीतील ‘वॉशिंग्टन डेली न्यूज’मध्ये पोहोचला.

४/
१९२५ मध्ये त्याचा जेराल्डीन सीबोल्ड्स हिच्याशी विवाह झाला. सारे तिला जेरी म्हणत. पुढच्याच वर्षी दोघांनी नोकऱ्या सोडल्या, फोर्डची एक मोटार घेतली आणि सुमारे ९,००० मैलांची देशयात्रा केली. पैसे संपल्यावर पुन्हा वृत्तपत्राची पायरी चढावी लागली. १९२८ मध्ये पाइलने विमानोड्डाणावर नियमित सदर सुरू केले. विमानविद्या तेव्हा बाल्यावस्थेत होती. टपाल वाहून नेणारे वैमानिक अक्षरशः जीव मुठीत धरून उडत. पाइल रात्री-अपरात्री धावपट्टीवर जाऊन त्यांच्याशी गप्पा मारी. यंत्राची माहिती त्याने लिहिलीच, पण त्याचे खरे लक्ष यंत्र चालवणाऱ्या माणसाकडे असे.

५/
१९३२ मध्ये तो व्यवस्थापकीय संपादक झाला. पद मोठे होते, पण दिवसभर खुर्चीला खिळून दुसऱ्यांचे मजकूर तपासणे त्याला जाचू लागले. आजारपणानंतर हवापालटासाठी तो नैर्ऋत्येकडे फिरून आला. त्याच सुमारास हेवूड ब्राउन हा प्रसिद्ध स्तंभलेखक सुटीवर होता. त्याची रिकामी जागा भरण्यासाठी पाइलने प्रवासावर काही लेख लिहिले. ते इतके आवडले की १९३५ पासून स्क्रिप्स-हॉवर्ड या वृत्तपत्रसमूहाने त्याला फिरता स्तंभलेखक नेमले. काम एवढेच: वाटेल तिकडे जावे, वाटेल त्याला भेटावे आणि आठवड्याला सहा लेख पाठवावेत.

६/
ही भ्रमंती सुमारे सात वर्षे चालली. महामंदीने पिचलेला शेतकरी, खाणकामगार, अलास्कातील सोने शोधणारा, कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतील रहिवासी, रस्त्याकडेचा उपाहारगृहवाला अशी माणसे त्याच्या सदरात येत. त्यांपैकी कोणीही ‘बातमी’ नव्हते. पाइल फारशी टिपणे काढीत नसे. तो ऐकत असे. समोरच्याला आपण मुलाखत देत आहोत हे जाणवतही नसे. पुढे खंदकात बसलेल्या सैनिकाला बोलते करण्याची जी हातोटी जगाने वाखाणली, ती या सात वर्षांत धुळीच्या रस्त्यांवर कमावलेली होती.

७/
डिसेंबर १९४० मध्ये तो लंडनला गेला. जर्मन विमाने शहरावर रोज बाँब टाकीत होती. २९ डिसेंबरच्या रात्री लंडनमध्ये भीषण आग भडकली. पाइलने ती आग उंचावरून पाहिली आणि लिहिली. त्या दृश्यात त्याला भयाबरोबर एक विलक्षण सौंदर्यही दिसले, आणि ते कबूल करण्यास तो कचरला नाही. त्यानंतरचे लेख मात्र भुयारी रेल्वेच्या फलाटांवर रात्र काढणाऱ्या सामान्य लंडनकरांवर होते. या लेखांनी त्याचा वाचकवर्ग झपाट्याने वाढला. अमेरिका अजून युद्धात उतरलेली नव्हती. युद्ध म्हणजे काय, हे तिकडच्या अनेक वाचकांना प्रथम पाइलच्या डोळ्यांनी दिसले.

८/
घरची कथा याच काळात उलगडत होती आणि ती सुखाची नव्हती. जेरी दीर्घकाळ मानसिक आजाराशी व व्यसनाशी झगडत होती. १९४० मध्ये दोघांनी न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क येथे छोटेसे घर घेतले, परंतु पाइल तेथे क्वचितच राहिला. एप्रिल १९४२ मध्ये घटस्फोट झाला. मार्च १९४३ मध्ये, तो उत्तर आफ्रिकेत असताना, प्रतिनिधीमार्फत दोघांचा पुन्हा विवाह झाला. इतरांच्या घरादाराविषयी इतक्या जिव्हाळ्याने लिहिणाऱ्या या माणसाचे स्वतःचे घर बहुधा पत्रांतूनच चालले.

९/
नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकी फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या आणि पाठोपाठ पाइलही गेला. तेव्हाची युद्धवार्ता मुख्यालयात तयार होई: नकाशा, बाण, सेनापतीचे निवेदन. पाइल मुख्यालयापेक्षा पायदळाच्या तुकडीबरोबर अधिक राही. त्यांच्यासारखाच जमिनीवर झोपे, डब्यातले थंड अन्न खाई, चिखलात चाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये ट्युनिशियात जर्मन रणगाड्यांनी अमेरिकी सैन्याची दाणादाण उडवली. त्या माघारीच्या धुमश्चक्रीत तो हजर होता आणि पराभवावर त्याने सरळ शब्दांत लिहिले.

१०/
त्याची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. सैनिकाचा उल्लेख करताना तो हुद्दा, पूर्ण नाव, गाव आणि पुष्कळदा रस्ता व घरक्रमांकही देई. आजच्या वाचकाला हे कंटाळवाणे वाटेल. परंतु तेव्हा सुमारे ४०० दैनिके आणि ३०० साप्ताहिके त्याचे सदर छापीत. कुठल्याशा गावातील पोस्टमनला, वाण्याला, शिक्षिकेला सकाळी वर्तमानपत्रात आपल्याच आळीतला मुलगा भेटे. तो जिवंत आहे, काल त्याने दाढी केली, त्याच्या बुटांत पाणी शिरले आहे, एवढे कळे. सरकारी निवेदनातून हे कधीच कळले नसते.

११/
उदाहरणार्थ, इटलीच्या आघाडीवरील सार्जंट बक एव्हरसोल. आयडाहो राज्यातील ट्विन फॉल्सचा हा गुराखी पायदळाच्या तुकडीचा नायक झाला होता. जुने सोबती एकेक करून गेले आणि त्यांच्या जागी नवी, कोवळी पोरे आली. तीही पटापट मरू लागली. या पोरांना पुढे धाडणारा मीच, तेव्हा त्यांना जणू मीच मारतो आहे, अशी बोच त्याने पाइलजवळ बोलून दाखवली. पाइलने ती तशीच छापली. शूर सैनिकाच्या मनातील अपराधभाव युद्ध चालू असताना वृत्तपत्रात येणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

१२/
याच इटलीतून त्याचा सर्वांत गाजलेला लेख आला. १४ डिसेंबर १९४३ रोजी सान पिएत्रोजवळच्या डोंगरावर टेक्सासचा कॅप्टन हेन्री वॉस्को मारला गेला. तो पंचवीस वर्षांचा होता आणि त्याच्या सैनिकांचा त्याच्यावर फार जीव होता. चांदण्या रात्री मृतदेह खेचरांच्या पाठीवर बांधून खाली आणले जात होते. वॉस्कोचा देह दगडी भिंतीच्या आडोशाला ठेवल्यावर त्याचे जवान एकामागून एक आले. कोणी शिवी हासडली, कोणी क्षमा मागितली. एकाने बराच वेळ त्याचा हात हातात धरला, मग त्याच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि चांदण्यात एकटाच निघून गेला.

१३/
एवढाच लेख. त्यात विजय नाही, डावपेच नाहीत, विशेषणेही फार नाहीत. पाइलला स्वतःला तो जमलेला नाही असे वाटत होते. १० जानेवारी १९४४ रोजी तो प्रसिद्ध झाला, तेव्हा ‘वॉशिंग्टन डेली न्यूज’ने आपले अख्खे पहिले पान त्याला दिले. त्याच वर्षी, १९४३ मधील युद्धवार्तांकनासाठी, पाइलला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याचा आणखी एक परिणाम तर थेट कायद्यात उतरला. वैमानिकांना उड्डाणाचा जादा भत्ता मिळतो, तर खंदकातल्या पायदळाला लढण्याचा भत्ता का नसावा, असे त्याने लिहिले होते. १९४४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने आघाडीवरील पायदळ सैनिकांना दरमहा १० डॉलर जादा देण्याची तरतूद केली. लोकांनी त्या विधेयकाला पाइलचेच नाव दिले.

१४/
येथे थोडे थांबून आपल्याकडे पाहू. इटलीच्या या मोहिमेत भारतीय सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजनही लढत होत्या, आणि त्यांत मराठा पलटणी होत्या. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. नगर जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी शर्थ केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणून त्यांचा पराक्रम सरकारी राजपत्रात नोंदला गेला. पण पदक न मिळालेल्या शेकडो मराठी जवानांनी त्या चिखलात काय खाल्ले, कशावर हसले, घरची कोणती गोष्ट सांगितली? ते मराठी घराघरांत रोज पोहोचवणारा पाइल आपल्याला लाभला नाही. यशवंतरावांचे थडगेही ज्ञात नाही. कासिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव तेवढे कोरलेले आहे.

१५/
पुन्हा पाइलकडे. मार्च १९४४ मध्ये आंझिओ येथे तो राहत असलेल्या इमारतीवर बाँब पडला. ज्या पलंगावर तो एरवी पडून असे, त्यावर विटा-मातीचा ढीग साचला. तो थोडक्यात वाचला. जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर चढाई झाली आणि दुसऱ्या दिवशी पाइल तेथे उतरला. वाळूत विखुरलेल्या वस्तूंची यादी हाच त्याचा लेख झाला: मोजे, टूथब्रश, घरची पत्रे, मुलाबाळांची छायाचित्रे, कोणीतरी युद्धातही बरोबर आणलेली एक टेनिसची रॅकेट. मृतांविषयी थोडेच बोलून त्याने त्यांचे सामान दाखवले. वाचकाला उरलेले आपोआप समजले.

१६/
२५ जुलै १९४४ रोजी सेंट-लोजवळ अमेरिकी विमानांनी चुकून आपल्याच फौजेवर बाँब टाकले. शंभरावर अमेरिकी सैनिक ठार झाले; त्यांत लेफ्टनंट जनरल लेस्ली मॅक्नेअरही होता. पाइल त्याच माऱ्याखाली एका गाडीच्या आडोशाला पालथा पडला होता. ऑगस्टअखेर पॅरिस मुक्त झाले, तोपर्यंत तो आतून पार रिता झालेला होता. सप्टेंबरच्या आरंभी त्याने युरोपचा निरोप घेतला. आणखी एक मृतदेह पाहिला तर आपले भान सुटेल, अशा आशयाचे त्याने वाचकांना मोकळेपणाने लिहिले आणि जाण्याबद्दल त्यांची क्षमा मागितली.

१७/
तो आता ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला मनुष्य होता. ‘हिअर इज युअर वॉर’ आणि ‘ब्रेव्ह मेन’ ही त्याची पुस्तके तडाखेबंद खपत होती. त्याच्या लेखनावर ‘द स्टोरी ऑफ जी. आय. जो’ हा चित्रपट तयार होत होता. घरी थांबण्यास कोणाचीच हरकत नव्हती. तरीही जानेवारी १९४५ मध्ये तो प्रशांत महासागरात गेला. तेथेही अमेरिकी जवान मरत आहेत आणि त्यांचे कोणीतरी लिहिले पाहिजे, एवढेच कारण त्याला पुरे होते. आपण या वेळी परतणार नाही, असे त्याने काही मित्रांजवळ बोलून दाखवले होते.

१८/
प्रशांत महासागरातील नौदलाशी त्याचा पहिला तंटा कशावरून झाला, पाहा: नावांवरून! खलाशांची नावे छापू नयेत, असा नौदलाचा नियम होता. ‘कॅबट’ या विमानवाहू नौकेवर राहून पाइल लिहू लागला, आणि नावे गाळायला सांगताच तो अडून बसला. नाव काढले तर त्याच्या लेखनात उरणार काय? अखेरीस नौदलाने तो नियम शिथिल केला, पण केवळ त्याच्यापुरता. इतर वार्ताहरांवर बंदी कायम राहिली. तडजोड त्याला फारशी रुचली नाही. नौदलाचे आयुष्य पायदळाच्या मानाने सुखाचे आहे असे लिहिल्यामुळे काही खलाशीही त्याच्यावर रुष्ट झाले.

१९/
आता या चरित्रातील अवघड पान. प्रशांत महासागरात पोहोचल्यावर पाइलने जपानी युद्धकैदी पाहिले. त्यांच्याविषयी त्याने जे लिहिले ते आज वाचवत नाही. युरोपातील शत्रू भयंकर असला तरी माणूस होता. येथे मात्र जपान्यांकडे झुरळ-उंदरांसारखे पाहिले जाते, असे त्याने नोंदवले. आणि स्वतःलाही त्या कैद्यांकडे पाहून किळस आली, हे त्याने लपवले नाही. ज्याने खेडोपाडीच्या अनोळखी माणसाला एका लेखात वाचकाचा आप्त करून सोडले, त्याच्या लेखणीला या कैद्यांपैकी कोणाचे नाव विचारावेसे वाटले नाही.

२०/
याला ‘तो काळच तसा होता’ असे म्हणून सोडून देता येईल, पण ते पुरेसे स्पष्टीकरण नाही. पाइलची सारी शक्ती सहवासातून आली होती. ज्यांच्याबरोबर तो जेवला, ज्यांच्या शेजारी झोपला, त्यांची माणुसकी त्याला दिसली. ज्यांच्याशी बोलण्याची भाषा नव्हती आणि जे केवळ कुंपणापलीकडे दिसले, त्यांच्याबाबत त्याने आपल्या सोबत्यांचीच नजर उसनी घेतली. आघाडीवर सैन्याच्या आश्रयाने राहणाऱ्या प्रत्येक वार्ताहरापुढे हा पेच असतो. जवळीक त्याला सत्य दाखवते, आणि त्या सत्याची हद्दही तीच आखते. त्याखेरीज प्रत्येक लेख लष्करी तपासनिसाच्या हाताखालून जाई, हेही विसरता कामा नये.

२१/
१ एप्रिल १९४५, ईस्टरचा रविवार. ओकिनावावर अमेरिकी फौजा उतरल्या आणि त्यांच्यासमवेत पाइलही उतरला. दोन आठवड्यांनंतर ७७ व्या इन्फंट्री डिव्हिजनने इए शिमावर चढाई केली. १७ तारखेला पाइल बेटावर आला. १८ तारखेच्या सकाळी तो लेफ्टनंट कर्नल जोसेफ कूलिज यांच्याबरोबर जीपने निघाला होता, आणि मग तो चर, ती गोळी. अध्यक्ष रूझवेल्ट यांचे निधन होऊन अवघे सहा दिवस झाले होते. नवे अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्राच्या वतीने शोक व्यक्त केला. सैनिकांनी पाइलला शिरस्त्राणासह त्याच बेटावर, आपल्या सोबत्यांच्या रांगेत पुरले: एका बाजूला पायदळाचा साधा शिपाई, दुसऱ्या बाजूला अभियंता दलातील सैनिक. पुढे १९४९ मध्ये त्याचे अवशेष होनोलुलू येथील राष्ट्रीय दफनभूमीत हलवण्यात आले.

२२/
त्याच्या खिशात एका लेखाचा कच्चा मसुदा सापडला. युरोपातील युद्ध संपेल त्या दिवशी छापण्यासाठी तो लिहिला जात होता. विजयाचा आनंद त्यात अगदी थोडा आहे. उरलेला मजकूर मृतांविषयी आहे: देशोदेशी, डोंगरावर, गवतात, कुंपणाकडेला पडलेले मृत, इतके की सवयीने ते नजरेला एकसारखेच दिसू लागतात आणि त्यांचा जवळजवळ तिटकारा येऊ लागतो. घरी बसलेल्यांना ती एक दूरची संख्या वाटेल, आम्ही मात्र त्यांना पाहिले, असा त्याचा सूर आहे. आयुष्यभर नावे लिहिणारा माणूस शेवटी नावे पुरी न पडणाऱ्या संख्येपाशी येऊन थांबला होता.

२३/
आणखी एक तपशील. पाइल पडल्यावर अलेक्झांडर रॉबर्ट्स या लष्करी छायाचित्रकाराने गोळीबारातून सरपटत जाऊन त्याचे छायाचित्र घेतले. शिरस्त्राण घातलेला, हात पोटावर ठेवलेला, झोपी गेल्यासारखा पाइल त्यात दिसतो. लष्कराने ते छायाचित्र प्रसिद्ध होऊ दिले नाही. सर्वसामान्य वाचकांपुढे ते आले २००८ मध्ये, म्हणजे तब्बल त्रेसष्ट वर्षांनी. मृत सैनिकाकडे डोळे उघडून पाहायला ज्याने देशाला शिकवले, त्याचा स्वतःचा मृत चेहरा देशापासून लपवला गेला. जेरी नोव्हेंबर १९४५ मध्ये वारली. पतीमागे ती सात महिनेच जगली.

२४/
इए शिमावर त्याच्या मृत्यूच्या जागी ७७ व्या डिव्हिजनने उभारलेले स्मारक आहे. आपण येथे एक जिवलग गमावला, एवढाच त्यावरील लेखाचा आशय. परंतु त्या सहा दिवसांच्या लढाईत या बेटावर आणखी कोण मेले? अमेरिकेचे १७२ सैनिक ठार झाले. जपानी बाजूचे सुमारे ४,७०० मृत मोजले गेले आणि त्यांपैकी सुमारे १,५०० जण बेटावरचे रहिवासी असावेत, असा खुद्द अमेरिकी लष्कराचा अंदाज होता. म्हणजे गावकरी. त्यांत हाती स्फोटके घेऊन धावलेल्या स्त्रियाही होत्या. यांचीही घरे होती, आळ्या होत्या, नावे होती. त्या वेळी ती कोणत्याही वृत्तपत्रात आली नाहीत; ‘असावेत’ या क्रियापदात ती सामावून गेली.

२५/
ही नावे पुढे लिहिली गेली. ओकिनावाच्या दक्षिण टोकाला माबुनी येथे २३ जून १९९५ रोजी, लढाईच्या पन्नासाव्या वर्षी, एक स्मारक खुले झाले. काळ्या दगडाच्या भिंतींच्या रांगाच रांगा, आणि त्यांवर केवळ नावे. ओकिनावाचे गावकरी, जपानी सैनिक, अमेरिकी सैनिक, कोरियन, तैवानी, ब्रिटिश. हुद्दा नाही, शत्रू-मित्र असा भेद नाही. आज तेथे २ लाख ४० हजारांहून अधिक नावे आहेत, आणि नवी माहिती मिळते तसतशी भर पडत असते. जून महिन्यात लोक येतात, दगडावरच्या नावावरून बोट फिरवतात, पाणी वाहतात, फुले ठेवतात.

२६/
पाइलच्या कार्याचे मोल आज कसे करावे? त्याला संत करण्याची गरज नाही आणि त्या एका काळ्या पानासाठी त्याला मोडीत काढणेही अन्यायाचे होईल. मेलेल्याला नाव असले की त्याच्या मृत्यूचा जाब विचारता येतो, ही गोष्ट त्याने एका प्रचंड, घाईच्या, आकड्यांत बोलणाऱ्या युद्धाला ऐकवली. ते नाव आपल्या बाजूच्या माणसापाशीच का थांबावे, हा पुढचा प्रश्न मात्र त्याच्याकडून सुटला नाही. माबुनीच्या भिंतींनी तो सोडवण्याचा प्रयत्न केला, पण त्याला पन्नास वर्षे लागली.

२७/
इतिहास वाचताना आपल्यालाही रोज आकडे भेटतात: पानिपतावर इतके, प्लेगात इतके, फाळणीत इतके. आकडा खोटा नसतो आणि इतिहासकाराचे त्यावाचून भागतही नाही. परंतु आकड्यापाशी पोहोचल्यावर एकदा मागे वळून विचारावे, की यांतील एक तरी नाव मला ठाऊक आहे काय? आपल्या गावच्या वेशीवर, शाळेच्या भिंतीवर, तालुक्याच्या चौकात महायुद्धात गेलेल्या जवानांच्या नावांची एखादी शिळा असेल. रंग उडालेला असेल, अक्षरे पुसट झाली असतील. ती नावे वाचा, गावातील जुन्या माणसांना त्यांच्याविषयी विचारा आणि जे कळेल ते लिहून ठेवा.

(धागा समाप्त)